सात मात्रा सोडून एक टाळी : च्वानचौमधले चार दिवस

पहिला दिवस

माझी भाची तीन वर्षांपासून चीनमधल्या श्यामेन शहरात नोकरीला आहे. "मावशी, तू ये. पण मी तुला बीजिंगला नेणार नाही, भिंत दाखवणार नाही. च्वानचौला नेईन. तिथं तुझ्यासारखी माणसं आहेत," असं तिनं फोनवर आधीच सांगून टाकलं होतं. माझ्यासारखी म्हणजे कशी, हे विचारलं तर म्हणाली, आल्यावर कळेल.

मी मिरजेची. आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे. बावीस वर्षं मी त्यात टाळ धरते, कुणी नसलं तर पेटीवरही बसते. सुरुवातीला आम्ही एकोणीस जणी होतो, आता सात आहोत. हे आधीच सांगते, कारण पुढच्या चार दिवसांत जे पाहिलं ते याच डोळ्यांनी पाहिलं.

शिमगा होऊन दोन आठवडे झाले होते. मुंबईहून हाँगकाँगमार्गे श्यामेन, तिथं एक रात्र, आणि सकाळच्या वेगवान गाडीनं अर्ध्या-पाऊण तासात च्वानचौ. स्टेशन गावाबाहेर आहे. बसनं जुन्या भागात आलो आणि पश्चिम रस्त्याला, म्हणजे शीचिएला लागून असलेल्या एका गल्लीत खोली घेतली. घरं लाल विटांची आणि बैठी. छपराच्या कण्याची दोन्ही टोकं पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगून वर वळलेली.

चौकात एक झाड दिसलं. बोडक्या फांद्या, खोडाला काटे, टोकाला लालभडक तुरे. मी जागीच थांबले. पांगारा! कोकणात, घाटात शिमग्याच्या सुमारास फुलतो तोच. भाचीला नाव माहीत नव्हतं. फलकावर 'त्सतोंग' लिहिलंय म्हणाली. दहाव्या शतकात इथल्या शासकानं तटाभोवती हीच झाडं लावली, त्यावरून गावाला पांगाऱ्याचं नाव पडलं, आणि अरब व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचं 'झैतून' झालं. मार्को पोलो आणि इब्न बतूता ज्या झैतून बंदराचं वर्णन करतात, ते हे गाव. घरापासून एवढ्या लांब येऊन पहिली ओळख निघाली ती पांगाऱ्याशी.

रात्री शेंगदाण्याचं गोड सूप प्यायलं. दाणे इतके शिजवलेले की जिभेवर ठेवताच विरघळावेत. दाण्याची आमटी खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्या चमच्याला ते चुकल्यासारखं वाटतं, तिसऱ्या चमच्याला वाटी संपू नये असं वाटतं.

दुसरा दिवस

सकाळी काइयुआन मंदिर. स्थापना सन 686 ची. आवारात तेराव्या शतकातले दोन दगडी मनोरे आहेत, दोन्ही चाळीस मीटरांहून उंच आणि दोन्ही नुसत्या दगडाचे. लोक त्यांचे फोटो काढत होते. भाची मला सरळ मुख्य मंदिराच्या मागच्या ओसरीत घेऊन गेली.

तिथं सोळा पैलूंचे दोन खांब आहेत. चष्मा पुसून जवळ गेले. पहिल्या खांबावर नरसिंह, मांडीवर हिरण्यकश्यपू. वर कृष्ण. बुद्धाच्या देवळाच्या मागच्या दारी, चीनच्या समुद्रकाठी! इथं तमिळ व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. त्यांनी शिवाचं देऊळ बांधल्याचा 1281 सालचा तमिळ शिलालेख सापडला आहे. पुढे ते देऊळ पडलं आणि त्याचे दगड गावभर विखुरले. त्यातले काही इथं चढवले. कुणीतरी ते फोडून पायात घातले नाहीत, उभे करून छपराचा भार त्यांच्यावर दिला, याचं मला फार बरं वाटलं. मी हात जोडले. शेजारी एक बाई उदबत्त्या घेऊन उभ्या होत्या, त्यांनी त्यातल्या तीन मला दिल्या.

दुपारी 1009 साली बांधलेली चिंगचिंग मशीद बाहेरून पाहिली. तिच्या जवळच क्वान यू या देवाचं मंदिर आहे, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन लागलं म्हणून परतलो.

संध्याकाळी एका पर्यटकी सभागृहात पहिल्यांदा 'नानयिन' ऐकलं. नानयिन म्हणजे दक्षिणेचे सूर. इथले लोक आपल्या मिन्नान बोलीत त्याला 'लाम-इम' म्हणतात. 2009 साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. भरजरी कपडे, निळा प्रकाश, ध्वनिक्षेपक. वादक तयारीचे होते, गाणारीचा आवाज गोड होता. पण वीस मिनिटांत तीन गाणी उरकून पुढच्या गटाला आत घेतलं. माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा अख्खा वेळ फोनमध्ये होता. गाण्यात काहीतरी आहे एवढं कळलं. काय, ते हाती लागलं नाही.

"हे नव्हे," भाची बाहेर पडताना म्हणाली. "उद्याचं वेगळं आहे."

तिसरा दिवस

भाचीच्या ऑफिसमधली एक मैत्रीण मूळची च्वानचौची. तिची आजी जुन्या गावात राहते. आजीला मिन्नान बोलीत 'आमा' म्हणतात, म्हणून आम्हीही आमाच म्हणू लागलो. आमाच्या गल्लीत ज्येष्ठांचं एक मंडळ आहे. एका कुळदेवीच्या छोट्या देवळाला लागून लांबट खोली, मागे उघडा चौक. दुपारपासून खोलीत माहजोंग हा सोंगट्यांचा खेळ आणि आठवड्यातून तीन रात्री चौकात नानयिन. आम्हाला जेवूनच बोलावलं होतं, पण गेल्या गेल्या वाफाळत्या चहाच्या इवल्याशा वाट्या पुढे आल्या. चहा तिएग्वानयिन, याच जिल्ह्यातल्या आनशी तालुक्यातला. वाटीत कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं, हेच आभार. तोंडानं बोलायची गरज नाही. मला ही रीत फार आवडली.

माहजोंगची चार टेबलं लागली होती. तीन टेबलांवर विजेचं यंत्र. डाव संपला की सोंगट्या मधल्या भोकात लोटायच्या, आत त्या आपोआप घुसळल्या जातात आणि रचलेल्या भिंती खालून वर येतात. आमाचं टेबल मात्र जुनं, साधं, वर हिरवं जाड कापड. यंत्रावर सोंगट्यांची ओळख राहत नाही, असं तिचं म्हणणं. चौघींनी आठ हात घालून 144 सोंगट्या पालथ्या घोळवल्या. आपण पत्ते पिसतो, इथं 'धुतात' म्हणतात. तो आवाज लांबून ऐकला तर पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटावं. मग प्रत्येकीनं आपल्यासमोर अठरा-अठराच्या दोन थरांची भिंत रचली. नव्वदीच्या घरातल्या एका आजींचे हात थरथरत होते, पण भिंत एका सरळ रेषेत उभी राहिली.

मला रमी येते, त्यामुळे गाभा लगेच कळला. तीन-तीनचे संच लावायचे आणि एक जोडी. तीन रंग : टिकल्या, बांबू आणि दहाहजारी. प्रत्येकात एक ते नऊ, प्रत्येकी चार. शिवाय चार दिशांचे वारे, लाल-हिरवी-पांढरी अशी तीन चिन्हं, आणि फुलं-ऋतूंच्या आठ सोंगट्या. बांबूच्या एक्क्यावर मात्र बांबू नसतो, पक्षी असतो. बहुतेक ठिकाणी हातात तेरा सोंगट्या धरतात. इथं सोळा धरतात, म्हणजे सतराव्या सोंगटीला पाच संच आणि जोडी लागली की डाव सुटतो. आणि एक सोंगटी सुरुवातीलाच उलटी करून 'किम' ठरवतात. किम म्हणजे सोनं. त्या डावात ती सोंगटी कुणाचीही जागा घेते, आपल्या रमीतल्या जोकरासारखी. छापलेला जोकर नव्हे, पान उलटून ठरवतो तो. कालची सामान्य पाच टिकल्यांची सोंगटी आज सोनं होते आणि पुढच्या डावात पुन्हा साधी.

बोलणं असं चाले : आमा मिन्नानमध्ये सांगे, नात ते चिनी भाषेत भाचीला सांगे, भाची मराठीत मला. माझा प्रश्न त्याच वाटेनं उलटा जाई. पाचव्या-सहाव्या प्रश्नानंतर आमानं हात हलवला, माझं मनगट धरलं आणि मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. त्यानंतर मधले दोन दुवे लागलेच नाहीत. ती सोंगटी उचलायची, मला दाखवायची, माझ्या तोंडाकडे बघायची. टाकायची असेल तर मी मान हलवायची, ठेवायची असेल तर बोट ठेवायचं. समोरचीनं हिरवं चिन्ह टाकलं, आमच्या हातात त्याची जोडी होती. मी टेबलावर हात आपटला आणि आमा ओरडली, "फोंग!" चारही टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. नंतरचा डाव आम्ही सुटलो. पैसे नव्हते, पत्त्यांच्या तुकड्यांवर हिशेब होता. आमानं जिंकलेले तुकडे मोजून निम्मे माझ्यासमोर ठेवले.

मुंबईत कुलाब्याला माझी एक चुलतजाऊ राहते, नौदलातल्या अधिकाऱ्याची बायको. लष्करी वसाहतींतल्या बायका अजूनही माहजोंग खेळतात, तिच्या घरी मी सोंगट्यांची पेटी पाहिली होती. तेव्हा तो मला साहेबी खेळ वाटला होता. इथं तो गल्लीतल्या पारावरचा खेळ आहे, हे समोर बसल्यावर कळलं.

साडेसातला मागच्या चौकातून लाकडावर लाकूड आपटल्याचा एकच आवाज आला. टक्. आमानं डाव अर्धवट असताना चौघींच्या सोंगट्या तशाच उभ्या ठेवल्या आणि त्यावर वर्तमानपत्र पसरलं. कुणी हरकत घेतली नाही. आमा गाते, हे मला तेव्हा कळलं. बाकीची तीन टेबलं चालूच राहिली, फक्त मधलं दार ओढून घेतलं.

चौकात पाच खुर्च्या अर्धगोलात. भिंतीशी पिवळ्या रेशमाची जुनी छत्री उघडून ठेवलेली. तिची गोष्ट अशी सांगतात की 1713 साली कांगशी बादशहाच्या साठाव्या वाढदिवशी दक्षिणेतून पाच वादक दरबारात गेले होते. बादशहा खूश झाला आणि त्यांना पिवळ्या छत्रीचा मान मिळाला. तेव्हापासून नानयिनच्या बैठकीत छत्री असते. वादक एकमेकांना 'शिएनयौ' म्हणतात, तारेमुळे झालेले मित्र. इथल्या पाच मित्रांत एक निवृत्त शिक्षक होते, एकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, एक बाई मासे विकत.

पीपा हे वाद्य मी चित्रात उभं धरलेलं पाहिलं होतं. इथं ते आडवं धरतात, जवळजवळ आपल्या गिटारसारखं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी थांग घराण्याच्या काळात असंच धरत. बाकीच्या देशानं पद्धत बदलली, इथं ती राहिली. चार तारा, बोटानंच छेडतात. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीवरून रोज जाणं-येणं असल्यामुळे माझा हात आपसूक पुढे झाला. मासेवाल्या बाईंनी मला तार छेडू दिली. आपल्या तंबोऱ्याला जवारी असते, स्वर घोळत, पसरत जातो. ही तार तशी नाही. स्वर येतो, थोडा थांबतो आणि विझतो. त्या विझण्यात जी जागा उरते ती दोंगशियावची, म्हणजे उभ्या बासरीची. बांबूच्या मुळाकडच्या जाड भागाची, नऊ पेरांची. जपानची शाकुहाची हिचीच बहीण. उरलेली दोन वाद्यं म्हणजे तीन तारांचं सानशिएन आणि गजानं वाजवायचं दोन तारांचं अरशिएन.

आणि पाचवं पायबान. पाच लाकडी पट्ट्या दोरीनं एकत्र ओवलेल्या. गाणारीच तो दोन्ही हातांत धरून मधोमध बसते. आमा बसली.

आधी नुसत्या वाद्यांची एक लांब रचना झाली. बैठकीची सुरुवात 'ची'नं, मध्ये 'खेक' म्हणजे गाणी, शेवट 'फो'नं, असा इथला शिरस्ता. मग आमानं सूर लावला. आवाज कापरा, पण पट्टीला धरून. एकेक अक्षर ती उच्चारताना आधी फोडते, मग त्याचा पोटातला स्वर लांबवते आणि शेवटी मिटते. एक शब्द संपायला माझे तीन श्वास गेले. भाचीनं हळूच सांगितलं, च्वानचौचा तरुण आणि छाओचौची मुलगी, त्यांच्या प्रेमाची जुनी गोष्ट आहे. गच्चीवरून तिनं त्याला लिचीची डहाळी टाकली होती. मुलगी आता वाट बघतेय.

मी ताल शोधत होते. टाळ धरणाऱ्या बाईला सम सापडल्याशिवाय चैन पडत नाही. पायबान एकदा वाजला, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा टक्. मी बोटांवर मोजायला लागले. चौथ्या आवर्तनाला खात्री पटली : आठ मात्रा. एकीवर टाळी, सात रिकाम्या. त्या सात मात्रा आमा मधल्या बोटानं लाकडावर न वाजवता मोजत होती. काल सभागृहात जे हाती लागलं नव्हतं ते हे. गाणं त्या न वाजवलेल्या सात मात्रांत होतं, आणि वीस मिनिटांत तीन गाणी उरकणाऱ्यांकडे तेवढा वेळ नव्हता. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या संगीतसभेला पहाटे कुणी विलंबित ख्याल धरतो, तेव्हा पुढची सम येईपर्यंत सगळे जण मिळून जसे थांबतात, तसं आम्ही सगळे थांबत होतो. मध्येच दाराआडून सोंगट्या धुतल्याचा पाऊस ऐकू येई. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. आमाच्या तर ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. कोण कितवा डाव हरलं, याकडेही तिचा एक कान असणार.

साडेआठला दोन मुली आणि एक मुलगा आले, दहा-बारा वर्षांचे, शाळेच्या गणवेशातच. इथल्या शाळांतून नानयिन शिकवतात. मुलगा मासेवाल्या बाईंच्या शेजारी बसला. त्यांनी आपली पीपा त्याच्या मांडीवर दिली आणि स्वतः मागे सरकल्या. तो दोनदा चुकला. कुणी थांबवलं नाही, दोंगशियाव त्याच्यासाठी अर्धी मात्रा थांबली आणि त्याला बरोबर घेऊन पुढे गेली. माझे डोळे भरून आले. आमच्या मंडळात शेवटची नवीन मुलगी आली होती त्याला सहा वर्षं झाली. ती चुकली तेव्हा आमच्यातल्या एकीनं तिला सगळ्यांसमोर थांबवलं, आणि ती पुन्हा आली नाही. मी तिथंच बसले होते, टाळ हातात घेऊन. काही बोलले नाही.

मग आमानं पायबान माझ्याकडे दिला. मी नको म्हणत होते, तिनं तो मांडीवर ठेवलाच. वजन चांगलं आहे, एका जागी धरून ठेवलं तर मनगट भरून येतं. शिक्षक काकांनी आठ बोटं दाखवली, सात मिटली. पहिल्या आवर्तनाला मी सातवीवरच वाजवलं. आपल्याकडे ठेका भरून काढायची सवय, रिकामं राहवत नाही. आमानं माझ्या हातावर हात ठेवला, पुढची तीन आवर्तनं तिचा हात तिथंच होता. मग तिनं तो काढून घेतला, गायला लागली, आणि मी सात सोडून एक वाजवत राहिले.

दहा वाजता 'फो' वाजून बैठक संपली. हे वाद्यांचंच असतं, घोड्यांच्या टापांसारखी लय चढत जाते आणि इतका वेळ सावकाश बसलेली माणसं एकदम तरुण दिसायला लागतात. मग छत्री मिटली, खुर्च्या आत गेल्या. आमानं वर्तमानपत्र उचललं. चौघी पुन्हा बसल्या आणि अर्धवट राहिलेला डाव पुढे सुरू झाला.

चौथा दिवस

गाडी दुपारची होती. सकाळी समुद्राकडच्या श्युनफू गावी गेलो. कालवांच्या शिंपल्यांनी मढवलेल्या भिंती आणि अंबाड्याभोवती ताज्या फुलांची कडी माळलेल्या म्हाताऱ्या बायका. आता पर्यटक मुली तशी फुलं माळून फोटो काढतात, जागोजागी दुकानं झाली आहेत. मी एक कडं माळून घेतलं. मोगऱ्याची एक जात त्यात होती, वास ओळखीचा. लुओयांगचा जुना पूल राहिला. 1059 मध्ये तो पुरा झाला, आणि पायाचे दगड पक्के धरून राहावेत म्हणून त्यावर कालवं वाढवली होती. तो पाहण्यासाठी पुन्हा यायला हवं.

जाता जाता गल्लीत शिरलो. खोली बंद, दाराला कुलूप. शेजारच्या सायकलच्या दुकानात काका चाकाला हवा भरत होते. त्यांनी ओळखलं, हात पुसले, आणि काही न बोलता उजवा हात उंच धरून बोटांवर मोजायला लागले. मी त्यांच्याबरोबर मोजलं. आठव्याला दोघांनी एकदम मान डोलावली, आणि मग पहिलीवर त्यांनी पाना दांडीवर वाजवला. टक्.

गाडीत बसल्यावर भाचीनं विचारलं, "मावशी, काय करतेयस?" मी मिरजेला फोन लावत होते. ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिच्या आईचा नंबर माझ्याकडे होता.